शनिवारी रात्री पावणेदहाला कळतं, उद्याचा रविवार कामाचा. हे असंच चालू द्यायचं का?

दूधगंगाकाठचा

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन) चालवतो. अकरा वर्षं झाली. गाव कागल तालुक्यात. घरी दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. आमच्याकडचे बरेच कामगार असेच आहेत, एक पाय कंपनीत आणि एक रानात.

एप्रिलमधली गोष्ट. गावच्या पाणीपुरवठा संस्थेची आमच्या पट्टीला पाण्याची पाळी होती, रविवारी पहाटे पाचला. बारा दिवसांनी येणारी पाळी. दारं मी धरायची, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवायचं, हे आधीच ठरलेलं. शनिवारी रात्री पावणेदहाला कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला: "उद्या रविवार वर्किंग, फर्स्ट शिफ्ट. बदली सुट्टी मंगळवार. सर्वांनी नोंद घ्यावी." खाली एकामागून एक "ओके सर". मीही "ओके सर" लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

चुलतभावाला उठवलं, तर त्याचं दुसऱ्याच्या रानात पाणी पाजायचं ठरलेलं. शेवटी वडील गेले. वय सत्तरीपुढं, हातात बॅटरी. त्यांच्यानं झालं तेवढं झालं. खालच्या सहा सऱ्या कोरड्या राहिल्या. आज रानात गेलात तर त्या सहा सऱ्यांतला ऊस न सांगता ओळखू येतो, पेर आखूड पडलंय.

मंगळवारी सुट्टी मिळाली. त्या दिवशी पाणी नव्हतं, बायको अंगणवाडीत, पोरं शाळेत. हजेरीपत्रकात सुट्टीला सुट्टी फिटली. आमच्या घरात नाही फिटली.

काम कमीजास्त होतं हे मलाही कळतं. पण उशिरा सांगण्याचा सगळा भुर्दंड आमच्याच अंगावर का? माझी मागणी अशी: पुढच्या आठवड्याच्या पाळ्या आणि सुट्ट्या गुरुवारी संध्याकाळी बोर्डावर लागाव्यात. त्यानंतर बदल करायचा तर विचारून करावा आणि नाही म्हणणाऱ्यावर डूख धरू नये. आयत्या वेळी ज्याची सुट्टी मोडली त्याला वर काहीतरी मिळावं. हे सगळं अर्जात लिहून द्यायचं चाललंय. मालक लोकांनीही बोलावं.

उद्यमनगरी

बोलावं म्हणालात म्हणून लिहितो. माझं उद्यमनगरात छोटं युनिट आहे, अठरा माणसं. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायचं, मशीनिंग करायचं आणि पुण्याच्या एका कंपनीला द्यायचं. ती पुढं गाडीच्या कारखान्याला देते. महिन्याचं शेड्यूल येतं, पण ते महिनाभर टिकलेलं मला आठवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन येतो, "सोमवारी सकाळी चारशे नग पाहिजेत, नाहीतर लाइन थांबेल." लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वजावट, माझ्या नावावर. मी नाही म्हटलं तर राजकोटचा माणूस हो म्हणायला तयार आहे, कोइंबतूरचाही आहे. मग या अठरा घरांचं काय करायचं?

कधी फौंड्रीची भट्टी बंद पडते, कधी महावितरणचं शटडाउन असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, तेव्हा आमच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या. तिथं गुरुवारच्या बोर्डानं काय केलं असतं?

आणि दुसरी बाजू कोण सांगणार? गावची जत्रा, लग्नसराई, उसाची तोड आली, की सोमवारी सकाळी चार मशीनवर माणूस नाही. निरोप कधी येतो? शिफ्ट सुरू झाल्यावर. मीही मग "बरं" म्हणतो, तुमच्या "ओके सर"सारखंच. आधी सांगायचं बंधन फक्त मालकावरच का?

टाइम ऑफिस (निवृत्त)

सव्वीस वर्षं शिरोलीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि पाळ्यांच्या कामात काढली, म्हणून नियमाचं आधी सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ६१ होतं. कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावायची, तिच्यात फरक पडेल असा बदल करायचा तर आधी सरकारी कारखाना निरीक्षकाला कळवायचं, आणि त्याच्या परवानगीशिवाय एका बदलानंतर आठवडा उलटल्याखेरीज दुसरा बदल करायचा नाही. कलम ५२ साप्ताहिक सुट्टीचं. रविवारी काम घ्यायचं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत सुट्टी द्यायची, पण त्याची नोटीस आधी निरीक्षकाच्या कार्यालयात पोचली पाहिजे आणि कारखान्यात लागली पाहिजे. शिवाय पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. म्हणजे दादा, तुम्हाला दिलेला मंगळवार या नियमात बसतो. पावणेदहाचा मेसेज बसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेनं घेतली. कलमांचे आकडे बदलले, तरी वेळा आधी लावायच्या हे तत्त्व काही गेलेलं नाही. पण वीज वापरून वीसपेक्षा कमी माणसांत चालणारं युनिट कारखान्याच्या व्याख्येतच येत नाही, हेही खरं. उद्यमनगरी साहेबांची अठरा माणसं त्यातलीच.

आता कायद्याबाहेरचं. शनिवारी दुपारी चारला मी पुढच्या आठवड्याच्या पाळ्या काचेच्या पेटीत लावून कुलूप घालायचो. त्यात बदल करायचा तर मॅनेजरना खाली यावं लागायचं, कागदावर कारण लिहून सही करावी लागायची. सही करायची म्हटली की बरेच बदल तिथंच गळायचे, कारण लिहायला कारणच नसायचं. मोबाइल आला आणि ती सही गेली. बदल करणाऱ्याला काही पडत नाही, म्हणून बदल वाढलेत. उत्पादनातली अडचण मी नाकारत नाही, पण या धाग्यात निदान हे तरी मोजा.

पेठेतला

माझं मत उलटं आहे. वय तेवीस, लग्न नाही, भाड्याची खोली. आयत्या वेळी बोलावलं तर मला पाहिजेच. गेल्या महिन्यात तीन रविवार केले, डबल रेटनं. गाडीचा हप्ता त्यातनंच गेला. सगळं गुरुवारीच ठरायला लागलं तर ओटी (जादा वेळचं काम) सुपरवायझरच्या मर्जीतल्यांना मिळणार आणि आम्ही बघत बसणार. दादा, तुम्हाला रान आहे. आम्हाला ओटी हेच रान.

दूधगंगाकाठचा

भावा, तुझ्या ओटीच्या आड मी येणार नाही. पण आपण दोघं वेगवेगळ्या रविवारबद्दल बोलतोय. तुला डबल मिळालं. मला मंगळवार देऊन रविवार साध्या हजेरीत धरला, एक रुपया जास्त नाही. तुझ्यासारख्यांना आधी विचारलं असतं तर माझ्या मशीनवर आनंदानं येणारा माणूस सापडला असता. विचारलंच नाही कुणी. सगळ्यांना एकच मेसेज.

नाइट ड्युटी

मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्याकडं बदल टळत नाहीत. रिलिव्हर (पुढच्या पाळीची नर्स) आली नाही म्हणून पेशंट सोडून घरी जाता येत नाही, त्यामुळे उद्यमनगरी काकांची अडचण मला कळते. पण त्याचं अंगावर काय होतं तेही सांगते. नाइट करून सकाळी साडेआठला घरी आले, स्वयंपाक करून दहाला पडले, अकराला फोन, "सिस्टर, दुपारी याल का?" "याल का" असं नुसतं म्हणायचं असतं. त्या दुपारी औषधाचा डोस काढताना मी लेबल तीनदा वाचलं, कारण दोनदा वाचून आकडा डोक्यात थांबेना. माझ्या हातून चूक झाली नाही. पण ती होण्याच्या किती जवळ होते ते मला माहीत आहे.

आमच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनी यावर एक साधी गोष्ट केली. रोस्टरच्या वहीत एक पान केलं: कुठल्या दिवशी कोण "बोलावलं तर येणार". मंगळवार माझा. मंगळवारी मी लांब जात नाही, मुलाला जाऊबाईंकडं सोडायची तयारी ठेवते, फोन आला तर तक्रार नाही. आणि बाकीच्या दिवशी फोन वाजला की पोटात गोळा येत नाही. नाइटवरून उतरलेलीचं नाव त्या दिवसापुढं लिहायचं नाही, हा एकच नियम. काका, अठरा माणसांत हे सहज होईल.

राजारामपुरीतून

कपड्यांच्या एका मोठ्या साखळीतलं दुकान मी सांभाळते. स्टाफला बदल सांगणारी मीच, त्यामुळे शिव्याही मीच खाते. लोकांना वाटतं गिऱ्हाइकामुळे वेळा बदलतात. गिऱ्हाइकाचा अंदाज आम्हाला असतो हो. नवरात्रात अंबाबाईला गर्दी होणार आणि ती महाद्वार रोडवरून इकडं येणार हे कॅलेंडरात छापलेलं असतं. बदल येतात वरून. ऑफर दोन दिवस आधी फिरवली, मालाची गाडी सांगितलेल्या दिवशी आलीच नाही, कुणी मोठे साहेब भेटीला येणार.

मला वाटायचं हे आपल्याकडचंच. पण अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या गॅप या कपड्यांच्या साखळीच्या २८ दुकानांत २०१५-१६ ला प्रयोग झाला, त्यातही हेच निघालं. वेळा हलवण्यात गिऱ्हाइकापेक्षा मुख्य कार्यालयाचा हात मोठा: मालाची चुकीची माहिती, बदललेल्या ऑफर, साहेबांच्या भेटी. ज्या दुकानांत वेळा स्थिर केल्या तिथं विक्री साधारण ७ टक्क्यांनी वाढली, कारण अनुभवी माणसं टिकली आणि ठरल्या वेळी हजर राहिली. सिएटलमध्ये तर २०१७ पासून मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना १४ दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं, नंतर बदललं तर त्याचे पैसे मोजावे लागतात. माझ्या हाताखालच्या दोन चांगल्या मुली याच कारणानं सोडून गेल्या. नव्यांना शिकवण्यात माझा सगळा सीझन गेला. तो खर्च कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

उद्यमनगरी

ताई, अमेरिकेचं उदाहरण मला लागू करू नका. त्या दुकानांचं मुख्य कार्यालय त्यांचंच, ठरवलं तर सुधारेल. माझं मुख्य कार्यालय म्हणजे पुण्यातला परचेस मॅनेजर, आणि त्याचं त्याच्या वरचा. मी तिसऱ्या पायरीवर आहे. वरून ढकललं की मी खाली ढकलतो. हे चांगलं आहे असं म्हणत नाही, पण मधल्या माणसाला एकट्याला धरून काय होणार?

दूधगंगाकाठचा

साहेब, पुराचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. २०२१ ला पाणी ओसरल्यावर आम्ही तीन रविवार भरले. कुणी हूं का चूं केलं नाही, स्वतःहून आलो. आणि पूरसुद्धा न सांगता येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, सगळं कोल्हापूर ते आकडे बघत असतं आणि त्याप्रमाणं जनावरं हलवतं.

माझा तो शनिवार पुराचा नव्हता. कास्टिंगच्या ट्रॉल्या गुरुवारी दुपारीच शेडमध्ये लागलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. रविवार घ्यावा लागणार हे गुरुवारीच दिसत होतं. ते ठरवायला शनिवारची रात्र लागली. भट्टी बंद पडली, वीज गेली, रस्ता बुडाला, तर रात्री बारालाही बोलवा. पण साहेबांनी ठरवायला उशीर केला म्हणून माझ्या बापानं अंधारात दारं धरायची, हे मला पटत नाही.

तुमचं गैरहजेरीचं म्हणणं मात्र खरं आहे. जत्रेची तारीख वर्षभर आधी माहीत असते, तरी आमची माणसं सांगत नाहीत. का, तर आधी सांगितलं की रजा नामंजूर होते आणि न सांगता राहिलं की नुसता खाडा पडतो. खाडा परवडतो.

उद्यमनगरी

नामंजूर होते हे खरं आहे. मीही केल्या आहेत.

सिस्टरांचं पान मी महिनाभर करून बघतो. पेठेतल्या मुलासारखे दोघेतिघे माझ्याकडंही आहेत, ते खुशीनं नाव लिहितील. गुरुवार मला जमणार नाही, शुक्रवारी दुपारी बोर्ड लावतो. जत्रेची रजा ज्यानं पंधरा दिवस आधी मागितली त्याला मिळणार, हेही लिहून लावतो. पण सुट्टी मोडली म्हणून वर पैसे द्यायचं कबूल करत नाही. पुण्याचा माणूस दर ठरवताना त्यातलं काही धरत नाही, आणि माझ्या खिशातून ते निघत नाही.

टाइम ऑफिस (निवृत्त)

पैसे नसतील तर निदान कारण लिहून खाली सही करा साहेब. सहीला पैसे लागत नाहीत.

वडाप

मी ठेकेदाराकडं आहे. सकाळी सहाला वडाप (माणशी भाड्याची जीप) धरून एमआयडीसीत येतो. सातला गेटवर ठेकेदाराचा माणूस मोजतो आणि सांगतो, आज अकरा जणच. बाकीचे परत. जायला यायला साठ रुपये जातात. तवर आठ वाजून गेलेले असतात, रानातल्या टोळ्याही निघून गेलेल्या असतात, म्हणजे तिकडची मजुरीपण गेली. घरी गेलं की आई विचारत नाही, डबा तसाच आला की तिला कळतं. ग्रुपवर आम्हाला कुणी घेतलेलं नाही, त्यामुळं पावणेदहाचा मेसेजसुद्धा येत नाही. गुरुवारी लावा नाहीतर शुक्रवारी, त्या बोर्डावर आमची नावं असणार का?

दूधगंगाकाठचा

असायला पाहिजेत. आमच्या अर्जाच्या कच्च्या कागदावर ते नव्हतं, चूक माझी. अर्ज परवा द्यायचा आहे. ठेकेदाराच्या माणसांना आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं आणि गेटवरून परत पाठवलं तर निदान अर्धी हजेरी द्यावी, अशी ओळ आत्ताच घातली. वाचून सांगा, अजून काय पाहिजे.