मांडवीचा कृष्णधवल फोटो: गर्दी, तारा आणि पांढरं आकाश

सुरसागर_काठ: नमस्कार मंडळी. बडोद्याची मांडवी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेली कमानींची वास्तू, लहरीपुरा दरवाज्याच्या बाजूने कृष्णधवल घ्यायची आहे. क्रॉप सेन्सर, १६-५० लेन्स, ट्रायपॉड, १० स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी काळी काच; प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) आहे. भर उन्हात आयएसओ १००, एफ/११ वर ५ सेकंद दिले, तर माणसांच्या जागी धुरकट डाग उरतात. कमानी सपाट दिसतात, आकाश पांढरंफटक. आकाश गडद करायला लाल फिल्टर घेऊ का?

निगेटिव्ह१२०: डिजिटलला लाल फिल्टर घेऊ नका. सेन्सरचे चारांतले एकच पिक्सेल लाल असतात, बाकीचे जवळजवळ उपाशी राहतात. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, रंगीत नोंद) काढा, कॅमेऱ्याचा डिस्प्ले फक्त पाहण्यापुरता मोनोक्रोमवर ठेवा आणि रंगांचं काम नंतर सॉफ्टवेअरच्या कृष्णधवल मिक्सरमध्ये करा, तिथे प्रत्येक रंग किती उजळ दिसावा ते स्लायडरने ठरतं.

आकाशाचं कारण वेगळं आहे. निळं असेल तरच ते गडद करता येतं. हिवाळ्यात धुळीने ते पांढुरकं होतं, त्यात लाल-निळं सारखंच, मग कुठलाही फिल्टर हरतो. पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश धुतलेलं मिळतं. तेव्हाही निळा स्लायडर फार खाली ओढलात तर इमारतीच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि आकाशात दाणे येतात.

रॉबर्ट चिझम यांनी आखलेल्या आर्ट्स फॅकल्टीच्या इमारतीसारखं लाल विटांचं काम असेल, तर लाल-नारिंगी वाढवू नका. वीट चुन्याइतकीच उजळते आणि सांधे गायब होतात. थोडं कमी करा, वीट अन् वीट सुटी दिसेल.

चौखडी: खरा प्रश्न प्रकाशाचा आहे, गर्दीचा नंतर. लहरीपुरा दरवाजा पश्चिमेला, पाणीगेट दरवाजा पूर्वेला, म्हणजे तुमच्यासमोर पश्चिमेची बाजू येते. बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या पुढे. तोवर ही बाजू सावलीतच. संध्याकाळी ऊन थेट समोरून पडतं, सगळं सपाट. डिसेंबर-जानेवारीत दीड ते तीनच्या दरम्यान ते तुमच्या उजवीकडून तिरकं घासत येतं आणि कमानींची कड, गलथे (भिंतीतून पुढे आलेल्या नक्षीच्या पट्ट्या), खांब उठून दिसतात. कमानींच्या आत मात्र काळोख असतो, म्हणून २ स्टॉप कमी आणि २ स्टॉप जास्त असे आणखी दोन फोटो घ्या.

आता गर्दी. ५ सेकंद अपुरे आहेत. त्याच एनडीवर ३ स्टॉपचा आणखी एक लावा, म्हणजे ४० सेकंद मिळतात आणि चालती माणसं पुसली जातात. हातगाडीवाला आणि उभी स्कूटर राहणारच. व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून उजेड शिरतो. अनेक फोटो घेऊन मीडियन (प्रत्येक जागेची मधली किंमत, म्हणजे हलणारं गळून जातं) काढण्याची युक्ती मांडवीच्या कमानींखाली फसते: प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत रिकामी हवी, आणि तिथे ती नसते.

दांडियाबाजार_गल्ली: मला हे पटत नाही. माणसं पुसलेली मांडवी म्हणजे नुसता सांगाडा. चार दरवाज्यांचे रस्ते जिथे मिळतात, तिथे वर्दळ हाच त्या वास्तूचा अर्थ आहे. १/४ सेकंद द्या: चालणारे विरतात, थांबलेले स्पष्ट राहतात आणि कमानीची उंची कळते. वर सांगितलेल्या दुपारच्या उन्हात त्यासाठी ६ स्टॉपचा एनडी पुरतो.

सुरसागर_काठ: हे आधी करून बघतो. आणि फोटोत आडव्या येणाऱ्या तारांचं काय? शिवाय इमारत मागे झुकलेली दिसते.

चौखडी: दोन्हींवर एकच उपाय, उंचावरून घ्या. एखाद्या दुकानाच्या पहिल्या मजल्याची गॅलरी विचारून मिळवा. तारा आकाशाऐवजी इमारतीवर येतात, गडद भागात मिसळतात, आणि कॅमेराही समपातळीत ठेवता येतो. खालूनच घ्यायचं असेल तर कॅमेरा उभा धरा, लेव्हल ठेवा, पुढचा रस्ता नंतर कापा. सॉफ्टवेअरने सरळ करणार असाल तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, कडा कापल्या जातात.

निगेटिव्ह१२०: फिल्मवर घेणाऱ्यांसाठी: तिथे लाल फिल्टर उपयोगाचा आहे, पण २५ नंबरचा गडद लाल फिल्टर ३ स्टॉप खातो. शिवाय लांब एक्सपोजरमध्ये फिल्म मंदावते: एचपी५ या कृष्णधवल फिल्मवर मीटरने १६ सेकंद सांगितले तर सुमारे ३८ द्या, नाहीतर निगेटिव्ह पातळ येते आणि कमानींतला तपशील आधी जातो.