लोकर, लडी, गुंडा... आणि ‘स्टॅश’ला मराठीत काय म्हणाल?

गुंतवळ : दोन-तीन शब्दांसाठी मदत हवीये. मी हल्ली फक्त खऱ्या लोकरीतच विणते, घाई अजिबात नाही, एक स्वेटर आख्खा हिवाळा चालला तरी चालतंय. पण त्यामुळे घरात लोकर साठत जाते आणि विणणाऱ्या बायका त्याला सरळ ‘स्टॅश’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? संग्रह म्हटलं की काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे दुकानात ‘लोकर द्या’ म्हटलं की हमखास अॅक्रिलिकच पुढ्यात येतं, मग खरी मागायला शब्द कोणता? आणि लडी, गुंडा, गुंडी हे सगळं एकच का?

निपाणीकर : साठा म्हणा की. नवऱ्याला विचारलंत तर साठेबाजी म्हणेल 😀

साडेतीन सुया : आधी लोकरीचं सांगते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, तेव्हा लोकर म्हणजे मेंढीचीच, दुसरी असणार कुठून, अॅक्रिलिकचा धागा बाजारात यायला 1950 उजाडलं. नंतर तो दिसायला तसाच आणि स्वस्त म्हणून त्यालाही लोकरच म्हणायला लागले. ‘शुद्ध लोकर’ मागितलीस तरी दुकानदार ‘शुद्धच आहे ताई’ म्हणणार, तेव्हा शब्दावर जाऊ नकोस, लेबल बघ, आणि लेबल नसेल तर घरी बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघ. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की आपोआप विझते आणि राहतं ते चिमटीत चुरगळतं. अॅक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी टणक मणी उरतो. हिंदी दुकानात ‘ऊन’ मागायचं, आपल्या उन्हाशी त्याचा संबंध नाही, ते संस्कृत ऊर्णावरून आलंय, कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात तीच ऊर्णा.

माणदेशी : आमच्यात लोकर म्हणजे मेंढराचीच, अजूनपण. मेंढरं भादरली की निघते ती. कोकराची पहिल्यांदा कातरलेली मऊ असते तिला जावळ म्हणत्यात, बाळाचं जावळ तसंच. बाकीची काळी, भरड, तिचं घोंगडं होतं आणि त्याला चिंचोक्याची खळ देत्यात. स्वेटर नका करू तिचा, लई टोचंल. दुकानातल्या रंगीत गुंड्याला आमची आज्जी लोकर म्हणायचीच नाही, ‘स्वेटरचा दोरा’ म्हणायची.

गुंतवळ : स्वेटरचा दोरा! भारी आहे हे.

सूतकताई : लडी आणि गुंडा एक नाहीत. लडी म्हणजे मोठे वेढे घेऊन दोन-तीन ठिकाणी सैल बांधलेली, ती थेट विणायला घेतली की गुंता ठरलेला, म्हणून कुणाच्या तरी हातांत अडकवून (कुणी मोकळं नसेल तर स्वतःच्या गुडघ्यांत) तिचा गुंडा, म्हणजे गोळा, करायचा. गुंडी मात्र खादीवाल्यांचं माप आहे. 4 फुटांची एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी, विनोबांच्या सूतांजलीत (गांधीजींच्या स्मृतीला स्वतः कातलेलं सूत वाहायचं ती) हीच द्यायची. आता खादीत 1000 मीटरची धरतात. लोकरीला गुंडी म्हणू नये असं माझं मत, लोक म्हणतात ते सोडा. आणि प्लायला, म्हणजे धाग्यात एकत्र पिळलेल्या पेडांना, आपला पदर आहे ना, चार पदरी लोकर म्हणा, फोर प्लाय कशाला.

कोथरूडची काकू : अगं स्टॅशला बेगमी म्हण की! पावसाळ्याची बेगमी करतो तशी लोकरीची. साठा कशाचाही होतो, बेगमीत अंदाज असतो, कशाला किती लागणार, कधी लागणार. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लागते, तेवढी एका लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, एकदम घेऊन ठेवली तर ती बेगमी. रंग आवडला म्हणून एकच लडी उचलली तर ती हौस, तिचं फार तर कानटोपरं होईल. माझ्याकडे दोन वेगळे डबे आहेत आणि हौसेचा कायम मोठा असतो. जुना स्वेटर उसवून निघालेली लोकरही बेगमीतच धरायची बरं का, लडी करून वाफ दिली की कुरळेपणा जातो.

निपाणीकर : बेगमी मान्य, साठेबाजी मागे घेतो.

साडेतीन सुया : बेगमी म्हटलं की राखण आलीच. खऱ्या लोकरीला कसर लागते, अॅक्रिलिकला नाही, कारण अळी खाते ते केसातलं प्रथिन, प्लास्टिकशी तिला घेणं नाही. ठेवताना लडीच ठेवायची, घट्ट गुंडे करून वर्षानुवर्षं ठेवले तर धागा ताणून बसतो. वेखंडाची पुरचुंडी टाकायची, पण नुसत्या वासावर भरवसा नको, अधूनमधून सगळं बाहेर काढून झटकायचं, अळीला अंधार आणि शांतता लागते.

गुंतवळ : बेगमी पक्की, ‘शुद्ध’चा नाद सोडला, काडेपेटी घेऊन बसते. जाता जाता अजून एक, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या बरोब्बर विरुद्ध, अशी दाणेदार वीण येते तिला आमच्या घरी साबुदाणा म्हणतात. तुमच्याकडे?

माणदेशी : आमच्याकडं खिचडी म्हणत्यात 😂 नाय, थट्टा. घरात विचारून सांगतो.