मानसिक आजारामुळे हजेरी कमी पडली, तर महाविद्यालयाच्या प्रवेशात ते सांगावे का?

एक आई, नाशिक :
माझ्या मुलीची बारावीची हजेरी ५४ टक्के भरली. सकाळी सव्वासात वाजता गणवेश घालून, डबा दप्तरात ठेवून, एका पायात बूट चढवून ती उंबऱ्याशी बसायची आणि दुसरा बूट तसाच हातात राहायचा. नैराश्याचे निदान व्हायला सहा महिने गेले, कारण तोवर घरात आम्ही सगळे त्याला आळस म्हणत होतो, आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणासाठी २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण रजेचा अर्ज आणि डॉक्टरांची कागदपत्रे त्या त्या वेळी शाळेत द्यावी लागतात. डेंग्यूचा अहवाल दोन दिवसांत हाती येतो. ज्या आजाराला सहा महिने नावच नव्हते, त्याचा कागद आम्ही कुठून आणणार होतो? शाळेने शेवटी परीक्षेला बसू दिले. यंदा तिने थांबायचे ठरवले आहे आणि पुढच्या वर्षी ती अभियांत्रिकीला अर्ज करील. माझे म्हणणे असे, की निदान उशिरा झाले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाने मागील काळासाठी दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरावे आणि गॅप सर्टिफिकेटच्या, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाच्या, प्रतिज्ञापत्रात कारण लिहायला लावू नये.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, सातारा :
ताई, तुमच्या मुलीबद्दल मनापासून सहानुभूती आहे, तरीही पहिल्या मागणीला माझा विरोध आहे. मागील तारखेची प्रमाणपत्रे चालू लागली, तर महिन्याभरात त्यांचा बाजार उभा राहील. क्लासशी टाय-अप असलेल्या महाविद्यालयांत मुले वर्षभर क्लासमध्येच बसतात आणि हजेरीपट मात्र भरलेला असतो, हे आपण सारे जाणतो. दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. शाळेची धास्ती घेतलेले मूल जितके घरी राहते, तितके परतणे अवघड होते. म्हणूनच उपचार करणारे तज्ज्ञ बहुधा टप्प्याटप्प्याने, प्रसंगी एका तासापासून, शाळेत आणायला सांगतात. हजेरीची अट काढली, की त्या मुलाला बोलावणारे उरलेले एक कारणही जाते.

एक आई, नाशिक :
सर, टप्प्याटप्प्याने आणण्याचे मला पूर्ण पटते, पण त्यासाठी एका तासाला आलेल्या मुलीला हजर धरावे लागेल. आमच्याकडे तिचा अर्धा दिवससुद्धा गैरहजर लागत होता. ज्यांच्या खोट्या हजेऱ्या भरल्या जातात त्यांना कुणी अडवत नाही आणि खरी नोंद असलेल्या आजारी मुलीला प्रमाणपत्र मागितले जाते, हे मला सहन होत नाही.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे :
मी स्वतः दोन वर्षांच्या खंडानंतर प्रवेश घेतला. कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, निबंध नसतो, मुलाखत नसते. सीईटीचे पर्सेंटाइल आणि कागदपत्रे पाहिली जातात. बारावीची हजेरी तिथे कुणी विचारली नाही. प्रतिज्ञापत्रात मी ‘आरोग्याच्या कारणामुळे’ एवढेच लिहिले आणि ते चालले. मात्र प्रवेशानंतरही गप्प राहिलो, ही माझी चूक झाली. पहिल्याच सत्रात हजेरी घसरली, टर्म ग्रँट (सत्र पूर्ण केल्याची मान्यता) होईना, आणि तेव्हा सांगितलेली गोष्ट सबबीसारखी ऐकली गेली. अर्ज करताना सांगू नये, पण रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकांना सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

एक वडील, कोल्हापूर :
मी असहमत आहे. एकदा शिक्का बसला की तो पुसला जात नाही. सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीतून वसतिगृहात पोचते.

विधी शाखेची विद्यार्थिनी, मुंबई :
भीती खरी आहे, पण कायदा तुमच्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. अर्थात बरीच मुले त्या मर्यादेत बसत नाहीत आणि खरी अडचण त्यांचीच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, हजेरी कमी म्हणून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असा निकाल दिला.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, सातारा :
तो निकाल विधी महाविद्यालयांपुरता आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकांना तो लावता येणार नाही. मागील तारखेच्या प्रमाणपत्राबाबत माझे मत बदललेले नाही. मात्र अर्ध्या दिवसाची नोंद वेगळी ठेवावी, हे ताईंचे म्हणणे मी आमच्या प्राचार्यांसमोर मांडणार आहे. ताई, डॉक्टरांकडून आत्ताच एक पत्र घेऊन ठेवा. त्यात आजाराचे नाव नसले तरी चालेल, पण उपचार कधीपासून सुरू आहेत आणि मुलगी आता नियमित शिक्षण घेऊ शकते, या दोन गोष्टी असाव्यात.

एक आई, नाशिक :
गुरुवारी तिची तपासणी आहे. पत्र मागायचे की नाही हे आधी तिलाच विचारते.