टॅक्सी करताना विमानं एकमेकांना घासतात, पंखाच्या टोकाला सेन्सर का नाही लावत?

आभाळवेडा:
अटलांटा विमानतळावरच्या सप्टेंबर २०२४ च्या टकरीचे फोटो परत पाहिले. मोठं ए३५० विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चालत, मागून जात होतं, त्याच्या पंखाचं टोक छोट्या सीआरजे ९०० ला लागलं आणि त्या छोट्या विमानाची शेपटी पार मोडून कलली. साध्या गाडीला रिव्हर्सचा सेन्सर असतो, मग इथे का नाही? आणि पायलटला दिसत नाही का?

रॅम्पवरचा:
नाही दिसत, तिथेच घोळ आहे. मोठ्या विमानात कॉकपिट पार पुढे आणि पंख मागे झुकलेले, त्यामुळे ७४७ किंवा ए३८० मध्ये टोक बघायचं तर खिडकी उघडून डोकं बाहेर काढावं लागेल. म्हणूनच अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी संस्था) २०१२ मध्ये अशा विमानांना पंखाच्या टोकांवर नजर ठेवणारी, कॅमेऱ्यासारखी काहीतरी सोय द्या अशी शिफारस केली होती. मी पुशबॅकला (विमान गेटपासून मागे ढकलताना) विंगवॉकर, म्हणजे पंखाच्या टोकाशी लक्ष ठेवणारा, म्हणून खूप उभा राहिलोय, सांगतो, वळताना बाहेरच्या बाजूचं टोक आपण धरलं असतं त्यापेक्षा मोठा वळसा घेतं, जागा भरपूर आहे असं वाटत असतानाच ते अंगावर येतं. आम्ही असतो फक्त गेटपाशी, टग (विमान ढकलणारी गाडी) सुटला की पुढचं सगळं क्रूच्या डोळ्यांवर.

होल्डशॉर्ट:
जमिनीवर आखलेल्या मधल्या रेषेवर चालल्यावर पंख सुरक्षित असतात ना, असं बरेच जण विचारतात. असतात, पण समोरचं विमान आपल्या जागी पूर्ण आत गेलेलं असेल तरच. ते थोडं अलीकडे थांबलं की शेपटी मागे राहते आणि रेषेचा हिशोब संपला. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेला हेच झालं, गेटमध्ये शिरायची वाट बघत थांबलेल्या सीआरजे ७०० च्या शेपटीला ए३८० चं टोक लागलं आणि ते विमान जागच्या जागी गर्रकन फिरलं. ए३८० चा पंखविस्तार जवळपास ८० मीटर! आणि टॅक्सीची परवानगी मिळाली म्हणजे टॉवरने पंखांच्या अंतराची हमी दिली असं होत नाही, ते बघणं पायलटचंच काम.

धुकेरी:
घासाघासीत माणसं बहुतेक वाचतात, मला खरी भीती रनवेवर चुकून शिरण्याची वाटते. मिलानच्या लिनाटेला ८ ऑक्टोबर २००१ ला धुक्यात एक छोटं सेसना चुकीच्या टॅक्सीवेने (रनवेकडे जाणाऱ्या वाटेने) रनवेवर गेलं, उड्डाण घेणारं एमडी-८७ प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं, ११८ माणसं गेली. तेव्हा तिथे जमिनीवरचं रडार चालूच नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर रनवेवर दोन विमानांची टक्कर झाली, तेव्हा तिथले स्टॉप बारचे, म्हणजे रनवेच्या तोंडाशी थांबायला सांगणारे, लाल दिवे दुरुस्तीमुळे बंद होते. लाल दिवे चालू असतील तर परवानगी ऐकू आली तरी ओलांडायचे नाहीत, हा नियम फार मोलाचा आहे आणि असे दिवे बंद पडले की तिथली वाहतूकच कमी करायला हवी असं माझं ठाम मत.

आभाळवेडा:
धन्यवाद सगळ्यांना. मग रात्रीची वेळ आहे, मागे रांग लागलीये आणि क्रूला अंतराचा अंदाज येत नाहीये, तर करायचं काय?

रॅम्पवरचा:
ब्रेक लावायचा. ग्राउंडला (जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) सरळ सांगायचं की खात्री नाही, बघायला माणूस पाठवा, नाहीतर पुढच्याला थोडं सरकवा. उशीर होतो, मागचे वैतागतात, होऊ दे. आम्हाला बोलावलं की आम्ही टॉर्च घेऊन येतो, त्यात कुणालाच कमीपणा वाटायचं कारण नाही.