शेजारच्या आजींच्या घरात ढेकूण झाले आहेत : अणुव्रत पाळावे की मदत करावी?

नमस्कार. मी सांगलीकडच्या दिगंबर जैन कुटुंबातली असून अहिंसाणुव्रत, म्हणजे गृहस्थाने पाळायचे अहिंसेचे मर्यादित व्रत, घेतलेले आहे. प्रश्न माझ्या घरातल्या जीवजंतूंचा असता, तर तो माझा मी सोडवला असता. पण हा त्रास दुसऱ्याच्या घरी आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या वयस्कर आजींच्या लाकडी पलंगात ढेकूण झाले आहेत. गादीच्या शिवणीत काळे ठिपके आहेत, चादरीवर रक्ताचे बारीक डाग पडतात, त्यांच्या दंडावर ओळीने गांधी उठल्या आहेत आणि रात्री झोप नसल्यामुळे त्यांना दिवसा चक्कर येते. मुलगा परगावी असतो. औषध मारणारा माणूस बोलवावा, गाद्या उचलायला हात लावावा आणि काम होईपर्यंत तिथे थांबावे, एवढेच त्यांचे मागणे आहे. "परक्या माणसाला घरात एकटं कसं सोडू? तू उभी राहा," असे त्या म्हणाल्या.

ढेकूण त्रीन्द्रिय (तीन इंद्रियांचा), म्हणजे त्रस (हालचाल करणारा) जीव आहे आणि त्रस जीवांची संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा गृहस्थाने सोडायची असते. आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (उपजीविकेत होणारी) आणि विरोधी (बचावासाठी करावी लागणारी) हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्राला मान्य आहे. आमच्या भागातले बरेचसे जैन शेतकरी आहेत. द्राक्षबागेवर फवारणी केल्याशिवाय पीक हाती लागत नाही आणि ती उद्योगी हिंसेत धरली जाते. आजींच्या पलंगावरची फवारणी मात्र कशात धरायची, ते मला ठरवता येत नाही. ती माझी उपजीविका नाही आणि माझ्यावर कोणी चालूनही आलेले नाही. दुसऱ्याच्या रक्षणासाठी केलेली हिंसा विरोधी मानतात, असे मी ऐकले आहे. पण भुकेपोटी चावणाऱ्या किड्याला आक्रमक म्हणणे मला ओढूनताणून केल्यासारखे वाटते.

पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावे, हा सल्ला कृपया देऊ नये. कृत (स्वतः केलेले), कारित (करवून घेतलेले) आणि अनुमोदित (संमती दिलेले) हे तिन्ही कर्त्याला लागतात.

ढेकूण झटकून बाहेर सोडण्याचाही विचार केला. पण ढेकूण केवळ रक्तावर जगतो, पिल्लाला कात टाकण्यासाठीसुद्धा प्रत्येक वेळी रक्त लागते आणि मोठा ढेकूण उपाशीपोटी काही महिने तग धरतो. तेव्हा बाहेर सोडणे म्हणजे एक तर त्याला हळूहळू उपाशी मारणे, नाही तर दुसऱ्या कुणाच्या अंथरुणात धाडणे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत राहिलेल्या जॉन ओव्हिंग्टन ह्या इंग्रज पाद्र्याने तिथल्या एका जागेविषयी लिहून ठेवले आहे, जिथे ढेकूण-पिसवांचे पोट भरावे म्हणून गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर निजवत असत. त्या वर्णनातली करुणा मला खरी वाटते, पण रक्त त्या गरिबाचे जात होते, हे मनातून जात नाही. मी आजींना नकार दिला तर माझे व्रत राहील आणि त्याची किंमत त्यांचे अंग मोजेल. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त छळते आहे.

तत्त्वार्थसूत्र ह्या जैन ग्रंथात प्रमादयुक्त योगाने, म्हणजे मन-वाणी-कायेच्या बेसावध क्रियेने, केलेल्या प्राणहरणाला हिंसा म्हटले आहे. मग मन सावध ठेवून, द्वेष न बाळगता, दुसऱ्याचे दुःख दूर करण्यासाठी हात लावला, तर तो अतिचार (व्रतातला दोष) ठरतो की व्रतभंग? प्रायश्चित्त आधी ठरवून असे काम करावे, की तसे ठरवण्यातच संकल्प येतो? ज्यांनी मुनिमहाराजांना किंवा आर्यिकांना (साध्वींना) असा प्रश्न विचारला असेल, त्यांनी मिळालेले उत्तर जसेच्या तसे सांगावे.

व्यवहारातलेही एक विचारायचे आहे. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटत असल्याने एका फवारणीत काम भागत नाही, असे कळते. पलंग काढून टाकून लोखंडी खाट आणली, गादी नवी घेतली आणि भिंतीच्या भेगा बुजवल्या, तर फवारणी टळेल का, निदान कमी तरी होईल का? त्या खर्चाचा भार उचलायला मी तयार आहे. जुन्या पलंगाचे पुढे काय करावे, तेही कृपया सुचवावे.