'कोरस गर्ल'ला मराठीत काय म्हणावं?

जुनी रिळं:
आमच्या मंडळात 'सॅली, आयरीन अँड मेरी' हा १९२५चा मूकपट दाखवतोय. दिग्दर्शक एडमंड गोल्डिंग. ब्रॉडवेवर कोरसमध्ये नाचणाऱ्या तिघींची हसतरडत गोष्ट. परिचयपत्रकात मी त्यांना 'वृंदगायिका' केलं. एका काकांनी विचारलं, "मूकपटात गायिका कशा हो?" गप्प बसलो. शब्द सुचवा.

तबलजी:
काकांना माझा नमस्कार सांगा. घोळ 'कोरस'चा आहे. मूळ ग्रीक 'खोरोस' म्हणजे आधी नाच. 'कोरिओग्राफी' त्याच घरातली. आपल्याकडे मात्र कोरस म्हटलं की ध्रुवपदाला मागून येणारे आवाज. या पोरींचं पोट पायांवर. ओळीत वीसजणी, सगळ्यांचे पाय एकाच उंचीवर गेले पाहिजेत. गळा बेताचा असला तरी भागतं. आयरीन झालेली जोन क्रॉफर्ड स्वतः वर्षभरापूर्वी ब्रॉडवेच्या अशाच ओळीत नाचत होती, लुसिल लसूर या खऱ्या नावानं.

बोरूबहाद्दर:
मग 'झीलकरी' घ्या की. अस्सल आहे.

तबलजी:
अस्सल आहे, पण झीलकरी शाहिराची झील धरतो, म्हणजे परत गळाच. शिवाय वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डफ-तुणतुणं येणार. न्यूयॉर्कच्या पोरीला फेटा कशाला बांधता?

जुनी रिळं:
'समूहनर्तकी'?

मोगरा:
बरोबर आहे, पण अळणी. भरतीच्या जाहिरातीत 'समूहनर्तकी, पदे ४' असं शोभेल. 'वृंदनर्तकी'ला तुळशीचा वास येतो. मी सरळ 'कोरसमध्ये नाचणाऱ्या पोरी' लिहीन. 'पोरी'त थोडी हेटाळणी आहे, थोडी माया आहे. सिनेमातही दोन्ही आहेत. आणि सॅलीला 'धनिकाची मैत्रीण' करू नका हं. फ्लॅट त्याचा, कपडे त्याचे. तिला आपल्याकडे 'ठेवलेली' म्हणतात.

बोरूबहाद्दर:
अशांनाच 'गोल्ड डिगर' म्हणत ना?

मोगरा:
हो. एव्हरी हॉपवुडचं 'द गोल्ड डिगर्स' हे नाटक १९१९ला ब्रॉडवेवर आलं, १९२३ला त्याचा मूकपट निघाला, आणि शब्द घरोघरी गेला. मराठीत 'पैशावर डोळा असलेली' पुरे. पण गंमत बघा, मागच्या दारापाशी गुच्छ घेऊन ताटकळणाऱ्या बाप्यांसाठीही इंग्रजीत नाव आहे, 'स्टेज-डोअर जॉनी', चांगलंच टिंगलीचं. आपण त्याला काय म्हणतो? 'शौकीन'! जसं काही पदवीच दिली.

तबलजी:
ताई, हे लागलं. आमच्या गावात पहिल्या रांगेत बसून नोटा उडवणारे सगळे 'रसिक'च होते.

जुनी रिळं:
पत्रकाचं प्रूफ आलं. 'कोरसमध्ये नाचणाऱ्या तीन पोरी' असं दिलं होतं. अध्यक्षांनी 'पोरी'भोवती लाल गोल काढून 'युवती?' लिहिलंय. सॅलीच्या 'ठेवलेली'ला मात्र हात लावलेला नाही.