हृदयाच्या रक्ताच्या नळ्या मोकळ्या म्हणजे हृदय ठीक, असं नाही

वर कोणीतरी लिहिलंय की पाळी गेल्यावर फक्त कोलेस्टेरॉल वाढतं, ते सांभाळलं की हृदयाची काळजी नको. कोलेस्टेरॉलचं बरोबर आहे, पण हृदयाचा स्नायूच बदलतो हे कोणी बोललंच नाही इथे. इस्ट्रोजेन (पाळी जाताना कमी होणारं बायकांचं हार्मोन) असतं तोवर स्नायूत कोलाजेनचे, म्हणजे चिवट प्रथिनाचे, धागे साचायला थोडा आळा असतो, ते कमी झालं आणि जोडीला बीपी असलं की डावा कप्पा आकाराने न वाढता भिंती जाड होतात, ताठरतात. दाबून रक्त बाहेर फेकणं जमतं, पण सैल पडून भरून घेणं जमत नाही.

माझ्या आईचं हेच झालं. ठाणे स्टेशनच्या पुलावर निम्म्या पायऱ्या झाल्या की कठड्याला धरून उभी राहायची, भाजीची पिशवी खाली ठेवून. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं ते प्रमाण, ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, म्हणून आधीच्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सोडून दिलं, आम्हीही गप्प बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं. खालच्याच ओळीत डायस्टोलिक डिसफंक्शन, म्हणजे हेच सैल पडून भरून न घेणं, लिहिलेलं होतं! ती ओळ जरूर वाचा, आणि दम लागत असेल तर नुसत्या ईएफवर समाधान मानू नका.

आणि हो, म्हणून हृदयासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नका कोणी. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात १६,६०८ बायकांवरची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी फायद्यापेक्षा धोके जास्त दिसल्यामुळे २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली होती.